२३०० ते २६०० आरपीएमलाच थरथर, न्यूट्रलमध्येही. इंजिन उतरवायचं का?

मिरज_स्विफ्ट

नमस्कार मंडळी. गाडी २००७ ची स्विफ्ट, १.३ पेट्रोल, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेली. काटा २३०० वर आला की गिअर लिव्हर, पायाखालचा पत्रा आणि आतला आरसा थरथरायला लागतो. २४००-२५०० ला सगळ्यात जास्त, आरशात मागची गाडी धड दिसत नाही. २७०० च्या पुढे एकदम शांत. सांगली-मिरज रस्त्यावर तिसऱ्या गिअरला ५०-५५ च्या वेगात येते, हायवेला पाचव्यात ९० च्या आसपास. गाडी उभी करून न्यूट्रलला रेस दिली तरी त्याच आकड्याला येते. स्लो (रेस न देता चालणारा आरपीएम) ८०० च्या जवळपास स्थिर आहे, एसी लावला की स्टिअरिंग किंचित हलतं.

झालेली कामं: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग नवीन. त्याच वेळी उजव्या बाजूचं फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी माउंटिंग) फाटलेलं दिसलं म्हणून बाजारात मिळालं ते बसवलं. थरथर त्यानंतरच लक्षात आली. मग चारही प्लग, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडीची सफाई, चाकांचं बॅलन्सिंग. काडीचाही फरक नाही. आता गॅरेजमध्ये म्हणताहेत क्रँकचं (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचं) बेअरिंग गेलं असेल, इंजिन उतरवून बघू. त्याआधी काय तपासता येईल?

कुपवाड_टूलरूम

इंजिन उतरवू नका. तुम्ही लिहिलंय त्यातच निम्मं उत्तर आहे.

उभ्या गाडीत न्यूट्रलला येते, म्हणजे टायर, रिम, ड्राइव्ह शाफ्ट, व्हील बेअरिंग यांचा संबंधच नाही. १४ इंची रिमच्या टायरचा घेर साधारण १.९ मीटर धरा. ९० च्या वेगाला चाक सेकंदाला १३ फेरे घेतं, तर २४०० आरपीएमला क्रँक ४०. चाकाचा दोष गाडीच्या वेगाला चिकटलेला असतो, गिअर बदलला तरी त्याच वेगाला येतो. तुमचा आरपीएमला चिकटलेला आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: २७०० नंतर ती जाते. फिरणाऱ्या भागाचं वजन एका बाजूला जास्त असेल, तर त्याचा जोर आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मध्यापासून १० सेंटिमीटरवर १० ग्रॅम जास्तीचे असतील तर २४०० ला सुमारे ६३ न्यूटन, म्हणजे साडेसहा किलोच्या आसपास ओढ. ४८०० ला तीच चौपट, पंचवीस किलोच्या वर. प्रेशर प्लेट किंवा फ्लायव्हील असंतुलित असतं तर ४००० ला गाडीत बसवलं नसतं. ठरावीक पट्ट्यात येऊन पुढे नाहीशी होणारी थरथर म्हणजे अनुनाद. एखादा भाग त्या कंपनाला साथ देतोय, किंवा ते बॉडीत पोचायला नको तिथून रस्ता मिळालाय.

चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात वर जाणारे दोन आणि खाली येणारे दोन पिस्टन एकमेकांचा मुख्य धक्का खोडतात. पण पिस्टन वरच्या टोकाला खालच्या टोकापेक्षा जोरात वळतो, म्हणून क्रँकच्या प्रत्येक फेरीला दोन धक्के शिल्लक राहतात. २४०० ला हे सेकंदाला ८०, म्हणजे ८० हर्ट्झ. बॅलन्स शाफ्ट नसलेल्या अशा प्रत्येक इंजिनात ते असतंच, नव्या गाडीतही. फाउंडेशनचं रबर आणि सायलेन्सरची रबरं ते आत येऊ देत नाहीत.

क्रँकचं बेअरिंग गेलं तर लोडवर खालून ठोका ऐकू येतो आणि गरम इंजिनाला स्लोवर ऑइलचा दिवा लुकलुकतो. यातलं काही आहे का?

आज एवढं करा. उभ्या गाडीत २४०० ला धरून क्लच पूर्ण दाबा. क्लच दाबल्यावर प्लेट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट सुटतात, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट मात्र फिरतच राहतात. थरथर थांबली तर प्लेट किंवा गिअरबॉक्स. नाही थांबली तर ते दोन्ही सोडून द्या. नंतर थंड इंजिनावर एसीचा आणि अल्टरनेटरचा पट्टा काढून बघा. अल्टरनेटरचा पट्टा निघाला की वॉटर पंपही थांबतो, त्यामुळे मिनिटभरापेक्षा जास्त चालवायचं नाही. बॅटरीचा दिवा लागेल, तो लागणारच. क्रँक पुलीत रबराचा थर असेल तर आतल्या आणि बाहेरच्या कड्यावरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. चार दिवसांनी रेघ तुटलेली दिसली तर बाहेरचं कडं सरकतंय, पुली बदला.

फिटर_कराड

वरच्या पोस्टशी सहमत. क्लचच्या कामानंतर आली हा सगळ्यात मोठा धागा आहे. क्लचसाठी गिअरबॉक्स खाली घेतात, म्हणजे फाउंडेशनचे बोल्ट सुटतात आणि बहुतेक वेळा फ्रंट पाइपही (इंजिनाकडून सायलेन्सरकडे जाणारी पुढची नळी) मोकळा करावा लागतो. परत बसवताना घाई असते. इंजिन जॅकवर तिरकं असताना पहारीने ओढून भोक जुळवलं आणि बोल्ट आवळला, की रबर कायमचं पिळलेल्या स्थितीत राहतं. पिळलेलं रबर कडक वागतं, नवं असलं तरी.

सायलेन्सरचंही तेच. फ्रंट पाइपचा जोड ताणात आवळला तर नळी एखाद्या जागी क्रॉसमेंबरला (गाडीखालच्या आडव्या पट्टीला), हीट शील्डला किंवा मागच्या अ‍ॅक्सलला टेकते. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर खाली जायचं नाही. नळीवर टॉर्च मारत पुढून मागे जा. गंजलेल्या नळीवर चकाकणारा घासलेला डाग दिसला तर चोर सापडला. थंड असताना फट दिसली म्हणून फसू नका. दोन मीटर पोलादी नळी अडीचशे अंशांनी तापली तर सुमारे ६ मिलिमीटर लांब होते, म्हणून थंड असताना १० ते १५ मिलिमीटर मोकळी जागा हवी. सायलेन्सरची टांगती रबरंही बघा. एक ताणलेलं आणि शेजारचं सैल असेल तर नळी तिरकी बसली आहे.

फाउंडेशनची सोपी चाचणी: जॅकवर लाकडाचा ठोकळा ठेवून तो गिअरबॉक्सच्या कवचाखाली लावा, सम्पच्या (खालच्या ऑइलच्या टाकीच्या) मधोमध नको, पत्रा दबतो. इंजिन ५ ते १० मिलिमीटरच उचला आणि आत बसलेल्या माणसाला २४०० ला धरायला सांगा. हँडब्रेक ओढलेला, चाकांना उटी (अडवायला दगड), गाडीखाली कुणी नाही. थरथर बदलली तर फाउंडेशन किंवा पाइपच, दुसरं काही शोधू नका.

विश्रामबाग_गॅस

मला एक सिलिंडर अशक्त असल्याचा संशय येतोय. प्लग बदलले, पण कॉइल, इंजेक्टर, कॉम्प्रेशन कुणी बघितलं? एक सिलिंडर कमी जोर देत असेल तर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा धक्का बसतो, २४०० ला २० हर्ट्झ. मोबाइलमध्ये फायफॉक्स नावाचं फुकट अ‍ॅप आहे, त्यात प्रवेगाचा वर्णपट, म्हणजे कुठल्या हर्ट्झचं कंपन किती जोराचं आहे ते दिसतं. फोन सीटच्या रुळावर टेपने घट्ट चिकटवा, हातात धरून उपयोग नाही. २० ला टोक आलं तर सिलिंडर, ४० ला आलं तर फिरणाऱ्या भागाचा असमतोल, ८० ला आलं तर फाउंडेशन.

मिरज_स्विफ्ट

सगळ्यांचे आभार. क्लच दाबून फरक नाही. दोन्ही पट्टे काढून फरक नाही. ठोका नाही, ऑइलचा दिवा नाही. ४००० पर्यंत नेली, वर सगळं गुळगुळीत.

पण अ‍ॅपमध्ये २४०० ला सगळ्यात उंच टोक २० हर्ट्झला येतंय. म्हणजे सिलिंडरच ना? कॉम्प्रेशन करून घेऊ?

विश्रामबाग_गॅस

हेच म्हणत होतो. करून घ्या.

कुपवाड_टूलरूम

थोडं थांबा, हा आकडा फसवा असू शकतो. पुष्कळ फोन प्रवेगाची नोंद सेकंदाला १०० वेळाच घेतात. १०० नोंदींतून जास्तीत जास्त ५० हर्ट्झपर्यंतचं कंपन खरं दिसतं. त्यावरचं आरशातल्यासारखं उलटं दुमडून खाली येतं. ८० हर्ट्झचं कंपन अशा फोनवर १०० वजा ८०, म्हणजे नेमकं २० ला दिसतं. सिलिंडरच्या दोषाचा आकडाही २०. योगायोग असा वाईट की चांगले लोक यात चुकतात.

खरंखोटं करायला आरपीएम बदला. २६०० ला धरा. एक सिलिंडर अशक्त असेल तर टोक वर सरकून २१.७ ला जाईल. ८० चं दुमडलेलं असेल तर मूळ कंपन ८६.७ होतं, म्हणून दिसणारं टोक खाली, १३.३ ला येईल. वर गेलं तर सिलिंडर, खाली आलं तर इंजिनाचा दुसऱ्या पटीचा, म्हणजे फेरीला दोनदा बसणारा धक्का. अ‍ॅप सेकंदाला किती नोंदी घेतंय तेही बघून ठेवा.

फिटर_कराड

शिवाय एक सिलिंडर मंद असता तर ती स्लोवर जास्त हलली असती आणि पासरणीसारख्या चढाला लोडवर झटके दिले असते. यांची स्लो स्थिर आहे. तरी खात्री हवी असेल तर इंजेक्टरचा एकेक कनेक्टर काढून बघा, चारही वेळा आरपीएम सारखाच पडला पाहिजे. कॉइलची वायर काढू नका. तशी काढली तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि ते तापून फुटतं.

मिरज_स्विफ्ट

नोंदी सेकंदाला १०० च आहेत. २६०० ला टोक १३ च्या थोडं वर आलं, म्हणजे खाली सरकलं. इंजेक्टर चारही सारखे. जॅकवर गिअरबॉक्स थोडा उचलल्यावर थरथर निम्म्याहून कमी झाली. आणि फ्रंट पाइपच्या वळणावर, क्रॉसमेंबरच्या समोर, रुपयाएवढा चकाकणारा डाग आहे.

विश्रामबाग_गॅस

मग माझा अंदाज चुकला, सिलिंडर सोडून द्या. दुमडण्याचा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

फिटर_कराड

आता सेटिंग करा, पार्ट काही घेऊ नका. इंजिन आणि पाइप थंड असताना फ्रंट पाइपच्या जोडाचे नट आणि मागच्या ब्रॅकेटचे बोल्ट सैल करा, काढू नका. मग तिन्ही फाउंडेशनचे मुख्य बोल्ट दोन-दोन आटे सैल करा. जॅक ठोकळ्यासह नुसता टेकवून ठेवा, वजन घेऊ नका, फक्त आधार. इंजिन चालू करून मिनिटभर स्लोवर ठेवा, दोन-तीनदा हलकी रेस द्या. या वेळी गाडीखाली कुणी नको. ताणात बसलेलं इंजिन स्वतःच सरकून जागा घेतं, कधी ‘धप्प’ असा आवाज येतो. बंद करून आधी गिअरबॉक्सकडचा, मग उजवा, शेवटी मागचा बोल्ट आवळा. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तो पाळा. टॉर्क पाना वापरा, नळी घालून ताकद लावू नका.

त्यानंतर सायलेन्सर, नेहमी इंजिनाकडून मागे. स्प्रिंग-बोल्टचा जोड असेल तर मधलं गोल गॅस्केट झिजलेलं आहे का बघा. स्प्रिंग पूर्ण दाबून टाकली तर जोड लवचीक राहत नाही आणि सगळं कंपन नळीतून पत्र्यात जातं. शेवटी हाताने सायलेन्सर हलवून बघा, सगळीकडे थोडा मोकळा हलला पाहिजे.

सांगली-मिरजेतली जुनी गाडी आहे म्हणून आणखी एक. २०१९ च्या महापुरात उभी असलेली असेल तर क्रॉसमेंबरच्या खाचांत आणि फाउंडेशनच्या मागे वाळलेला गाळ असतो. रबराला हलायला ठेवलेली जागाच त्याने भरते. तारेच्या ब्रशने काढून टाका.

मिरज_स्विफ्ट

केलं. मागचा बोल्ट सैल झाल्यावर इंजिन सहा-सात मिलिमीटर सरकलं, आवाजही आला. जोडाची स्प्रिंग खरंच पूर्ण दाबलेली होती. आता पाइप आणि क्रॉसमेंबरमध्ये करंगळी जाते. २४०० ला आरसा स्थिर आहे, लिव्हरला बारीकशी झिणझिण फक्त. अ‍ॅपमधलं टोक पूर्वीच्या पावभागही नाही. इंजिन उतरवायचं रद्द. पण एसी लावल्यावर स्लोवर स्टिअरिंग हलतं ते तसंच आहे.

कुपवाड_टूलरूम

ती तुमच्या नव्या उजव्या फाउंडेशनची देणगी दिसते. ८०० ला दुसऱ्या पटीचं कंपन २७ हर्ट्झच्या आसपास येतं आणि एसीचा कॉम्प्रेसर लागला की इंजिनावर लोड वाढतो. मूळ रबर हे गिळेल इतकं मऊ असतं. बाजारातलं स्वस्त रबर टिकावं म्हणून कडक करतात. जुनं फाटलेलं अजून गॅरेजमध्ये असेल तर आणा आणि दोन्हींच्या फाटक्या नसलेल्या जागी अंगठ्याचं नख दाबून फरक बघा. आधी एसी लागल्यावर आरपीएम पडतो का तेही पाहा. ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) तो थोडा वर उचलायला हवा; ७०० च्या खाली जात असेल तर आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह साफ करा, फाउंडेशन नंतर.

बदलायची वेळ आली तर कंपनीचंच घ्या, आणि बदलताना पुन्हा तेच: तिन्ही सैल, इंजिन बसू द्या, मग आवळा. एकटं उजवं ओढून बसवलं तर पाइप परत टेकेल. ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा.