बोसा नोव्हा आणि स्वप्नील इलेक्ट्रॉनिक संगीत : सुरुवात कुठून करावी?

सांजवारा : संध्याकाळी ऐकण्यासाठी हलके लाउंज संगीत शोधतो आहे, परंतु तयार संकलने फार एकसुरी वाटतात. मुळापासून ऐकायचे झाल्यास जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तारषड्ज : अशा संगीताचे एक मूळ म्हणजे बोसा नोव्हा, ही ब्राझीलमधील रिओ दि जानेरोत जन्मलेली शैली. गायक-गिटारवादक जोआओ जिल्बेर्तो यांचे १९५८ सालचे 'शेगा दि सौदाद' हे गीत आधी ऐकावे. त्यांच्या गिटारवर अंगठा खालच्या स्वरांत सांबा या ब्राझिलियन नृत्यसंगीताचा ठेका धरून ठेवतो, उरलेली बोटे मात्रेच्या आगेमागे स्वरसंघात (कॉर्ड) छेडतात, आणि आवाज मात्र जवळ बसून बोलावे इतका हळू, कंपनरहित राहतो. एकदा केवळ अंगठ्याकडे लक्ष देऊन ऐकाच. साधे वाटणारे हे संगीत किती अवघड आहे ते तेव्हा उमगते.

निळीरेघ : सहमत आहे, तरी नवख्या श्रोत्याला अमेरिकन जॅझवादक स्टॅन गेट्झ यांच्या सॅक्सोफोनसह आलेला १९६४ चा 'गेट्झ/जिल्बेर्तो' हा अल्बम अधिक लवकर आपलासा वाटेल, असे माझे मत आहे. तिथून थेट २००० सालच्या 'तांतो तेंपो'कडे यावे. जोआओ यांची कन्या बेबेल हिच्या या अल्बममध्ये बोसा नोव्हा आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनी एकमेकांत सहज मिसळले आहेत. त्याचे निर्माते सुबा हे अल्बम प्रसिद्ध होण्यापूर्वीच आगीत दगावले, याची हळहळ वाटते.

सांजवारा : मनःपूर्वक आभार. निव्वळ इलेक्ट्रॉनिक बाजूचे काही सुचवाल का?

तारषड्ज : 'एअर' या फ्रेंच जोडीचा 'मून सफारी' (१९९८). त्यातली पहिलीच, सात मिनिटांची शब्दविरहित रचना बासच्या सुरावटीवर तरंगत राहते. ती मध्येच सोडू नये.