मदत हवी आहे: गिटमध्ये रिकामा फोल्डर जात नाही, .गिटकीप टाकूनही नाही

नमस्कार मंडळी,

एका पतसंस्थेचं छोटं सॉफ्टवेअर मी एकटीच सांभाळते. पायथॉन, फ्लास्क, आणि कोड गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली). दोन फोल्डर असे आहेत की ते जागेवर असायलाच हवेत, पण त्यांच्यातलं काहीही रेपोत (गिट सांभाळतं त्या साठ्यात) जाता कामा नये: लॉग्ज आणि अपलोड्स. अपलोड्सच्या पोटात पावत्या आणि केवायसी असे आणखी दोन. केवायसीमध्ये सभासदांच्या आधार कार्डांच्या प्रती असतात, म्हणून .गिटइग्नोरमध्ये (काय वगळायचं ते गिटला सांगणारी फाइल) पहिल्याच दिवशी लिहून टाकलं होतं:

लॉग्ज/
अपलोड्स/

गेल्या आठवड्यात सर्व्हर बदलला. नव्या मशीनवर क्लोन केलं, म्हणजे रेपोची प्रत उतरवली, तर ॲप उठेचना. लॉगची फाइल उघडता येत नाही अशी एरर होती. बघते तर लॉग्ज फोल्डरच नाही. हाताने बनवला, ॲप चालू झालं आणि मी निर्धास्त झाले. अपलोड्सही आलेला नाही हे लक्षातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवरून फोन आला, "मॅडम, पावतीचा फोटो चढत नाहीये." लॉगच्या शेवटी फाइलनॉटफाउंडएरर आणि पुढे अपलोड्स/पावत्याचा पाथ. तोवरच्या पावत्या तिथल्या ताईंनी रबर लावून ड्रॉवरमध्ये ठेवल्या होत्या, त्या संध्याकाळी थांबून एकेक करून चढवल्या. चूक माझी आणि खोळंबा त्यांना, याचं फार वाईट वाटलं.

शोधल्यावर कळलं की गिट रिकामा फोल्डर ठेवत नाही, आत .गिटकीप नावाची फाइल टाकावी. टाकली. सगळं नोंदीला घ्यायला 'गिट ॲड .' केलं, तर स्टेटसमध्ये काहीच नाही. मग .गिटइग्नोरच्या शेवटी '!अपलोड्स/पावत्या/.गिटकीप' ही अपवादाची ओळ वाढवली. तरी तेच.

अपवादाची ओळ लागू का होत नाही? आणि .गिटकीप हाच योग्य मार्ग आहे का? आधी सबव्हर्जनवर (गिटसारखीच दुसरी प्रणाली) काम केलंय, तिथे रिकामा फोल्डर सरळ कमिट व्हायचा, म्हणजे नोंदला जायचा. गिटला नेमकी अडचण काय आहे?

प्रतिसाद १

अडचण 'अपलोड्स/' या ओळीत आहे. तिचा अर्थ अख्खा फोल्डर वगळ. एकदा फोल्डरच वगळला की गिट त्याच्या आत डोकावत नाही, त्यामुळे आतल्या फाइलसाठी लिहिलेल्या अपवादाला काही अर्थ उरत नाही. फोल्डर न वगळता त्यातल्या वस्तू वगळा:

लॉग्ज/\*
!लॉग्ज/.गिटकीप
अपलोड्स/\*
!अपलोड्स/पावत्या/
अपलोड्स/पावत्या/\*
!अपलोड्स/पावत्या/.गिटकीप

शेवटच्या तीन ओळी केवायसीसाठीही तशाच लिहा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण खालची ओळ वरचीला मागे सारते. फाइल कुठल्या ओळीमुळे अडतेय हे बघायला 'गिट चेक-इग्नोर -व्ही' आणि पुढे पाथ द्या. ओळीचा नंबरच मिळतो.

सबव्हर्जनमध्ये फोल्डरची स्वतंत्र नोंद असते. गिटच्या इंडेक्समध्ये (पुढच्या कमिटची यादी) फक्त फाइलींचे पाथ असतात, आणि फोल्डर म्हणजे त्या पाथमधला एक तुकडा. फाइल नाही तर पाथ नाही, पाथ नाही तर फोल्डर नाही. खरं तर रिकामा ट्री ऑब्जेक्ट, म्हणजे रिकाम्या फोल्डरची नोंद, गिटला माहीत आहे. पण इंडेक्समध्ये रिकाम्या फोल्डरची नोंदच होत नाही, म्हणून नेहमीच्या कमिटमध्ये तो येत नाही. मर्क्युरियल ही अशीच दुसरी प्रणाली, तीही रिकामे फोल्डर ठेवत नाही.

प्रतिसाद २

वरचं उत्तर बरोबर आहे, पण ताई, तुमच्या जागी मी .गिटकीपवर विसंबणार नाही. ते नाव गिटला माहीतही नाही, लोकांनी पाडलेली ती रूढी आहे. कुठलीही फाइल चालते.

ज्या प्रोग्रामला फोल्डर लागतो, त्यानेच तो सुरू होताना बनवावा. पायथॉनचं फोल्डर बनवणारं फंक्शन ओएस.मेकडर्स वापरा, एक्झिस्ट_ओके ट्रू ठेवा, म्हणजे फोल्डर आधीच असला तरी एरर येणार नाही. लॉगिंगचा फाइलहँडलर (लॉग फाइलीत लिहिणारा भाग) फोल्डर बनवत नाही, म्हणून हे त्याच्या आधी करा.

परवानग्यांचंही बघा. गिट फाइलचा एक्झिक्युटेबल बिट (ती चालवता येते की नाही) तेवढा लक्षात ठेवतो. फोल्डरचा मालक कोण, परवानगी ७०० (फक्त मालकाला) की ७५५ (इतरांना वाचता येईल अशी), यातलं काहीच क्लोनसोबत येत नाही. केवायसीच्या फोल्डरला ते स्क्रिप्टमधून द्यावंच लागेल. काही ठिकाणी तर .गिटकीप नडतो. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या डेटा फोल्डरमध्ये मी एकदा तो ठेवला होता. फोल्डर रिकामा नाही म्हणून डेटाबेस पहिल्यांदा उभारणाऱ्या इनिटडीबी कमांडने काम करायलाच नकार दिला.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सभासदांची कागदपत्रं रेपोच्या फोल्डरमध्ये का आहेत? कोणी साफसफाई म्हणून 'गिट क्लीन -एफडीएक्स' चालवलं, तर इग्नोर केलेल्या फाइलीही जातात आणि गिटमधून त्या परत मिळत नाहीत. आजच्या आज बाहेर हलवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. चेक-इग्नोरने 'अपलोड्स/' हीच ओळ दाखवली. बदलल्यावर .गिटकीप लगेच स्टेटसमध्ये दिसला. पण क्लीनबद्दल वाचून पोटात गोळा आला, कारण जुन्या सर्व्हरवर -एक्स (इग्नोर केलेल्या फाइलीही पुसणारा पर्याय) न लावता ती कमांड मी दोनदा चालवली आहे.

काल रात्री आधी बॅकअप घेतला आणि अपलोड्स रेपोबाहेर हलवला. पाथ आता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (कोडबाहेर ठेवलेली सेटिंग) येतो आणि फोल्डर ॲप स्वतः बनवतं. इग्नोरच्या ओळी तशाच ठेवल्या आहेत, चुकून कोणी जुन्या जागी फाइल टाकली तर. केवायसीला ७०० दिल्यावर बॅकअपची स्क्रिप्ट अडली, कारण ती वेगळ्या युजरखाली चालते. ७५० (मालक आणि त्याचा ग्रुप) करून त्या युजरला ग्रुपमध्ये घेतलं.

मग वेगळ्या जागी कोरा क्लोन घेतला, पाथही कोरा दिला आणि हात न लावता ॲप चालवलं. लॉग्ज, पावत्या, केवायसी तिन्ही तयार झाले. आज सकाळी काउंटर उघडायच्या आधी ताईंना फोन करून खऱ्या सर्व्हरवर एक पावती चढवायला सांगितली. चढली.