मदत हवी आहे: सातवीत गेलेला दमा परत येतो का? पीएफटी (फुंकून करायची फुप्फुसांची टेस्ट) तर नॉर्मल आहे!

विंडोसीट_विरार
पटकन सांगा, उद्या परत डॉक्टरकडे जायचंय. लहानपणी दमा होता, सातवीत गेला. आता दोन महिने झाले, टर्फवर फुटबॉल खेळून थांबलो की पाच-दहा मिनिटांत खोकल्याची उबळ येते, छाती आवळते. पहाटे तीनला जाग येते ती वेगळीच. एक्स-रे क्लिअर, पीएफटी नॉर्मल. डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीची गोळी दिली आणि म्हणाले टेन्शन घेऊ नका. फरक शून्य.

गोडबोले_नाही
वय? सिगरेट? सध्या औषध काय?

माहेरची_अडुळसा
अडुळसा, ज्येष्ठमध, दोन मिरी. काढा करून सकाळी घ्या. माझ्या दिराचा दमा यानेच गेला.

गोडबोले_नाही
ताई, दिरांचाही सातवीतच गेला असेल. बऱ्याच मुलांचा वयात येताना आपोआप कमी होतो, श्रेय त्या वेळी चालू असलेल्या काढ्याला.

विंडोसीट_विरार
२४. सिगरेट नाही. म्हणजे हल्ली नाही. आधीच्या धाग्यात लिहिलं होतं की सगळं.

गोडबोले_नाही
आधीचा धागा कोण शोधणार? राहता कुठे, भिंतीला ओल आहे का?

विंडोसीट_विरार
विरार, वरचा मजला. पलंगामागे पावसाळ्यात काळी बुरशी येते, पण ती तर दरवर्षीच येते.

दादर_पूर्व
खिडकीत कबुतरं आहेत का? दमा-बिमा काही नाही, विष्ठेचा त्रास आहे तो. ऑगस्ट २०२५ मध्ये आमचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा लोक किती चिडले, आठवतंय ना?

जैनम्_मुलुंड
आता इथेही कबुतरं? शंभर वर्षं दाणे टाकतोय, कोणाला काही झालं नाही.

नेब्युलायझरची_आई
कबुतरांमुळे होतो तो फुप्फुसाच्या ऊतीचा आजार वेगळा, यांचं दुखणं श्वासनळ्यांचं वाटतंय. भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या, प्लीज.

माझ्या मुलाचं डिट्टो असंच झालं, म्हणून लिहिते. दमा 'गेला' म्हणजे त्रास थांबला, नळ्यांचा तापटपणा आत राहू शकतो. धूळ, ओल, गार हवा, पळणं, काहीही लागलं की त्या आवळतात. आणि दमा येतो-जातो, त्यामुळे बरं वाटत असलेल्या दिवशी पीएफटी नॉर्मल येऊ शकते. नॉर्मल म्हणजे दमा नाही, असं नाही. चारशे-पाचशे रुपयांचा पीक फ्लो मीटर (श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारी नळी) आणा, दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकून वहीत आकडे लिहा. मुलाचा संध्याकाळी ४८० यायचा आणि सकाळी ३६०. ती वही बघून डॉक्टर पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकले. तरीही शंका राहिली तर मेथाकोलिन चॅलेंज टेस्ट असते, म्हणजे औषध हुंगवून नळ्या आवळतात का ते बघतात, ती मोठ्या इस्पितळातच करतात.

योगी_डोंबिवली
पंप म्हणजे इन्हेलर नको, सवय लागते. अनुलोम-विलोम करा.

नेब्युलायझरची_आई
सवय लागत नाही हो! उलट नुसत्या निळ्या पंपावर राहणं धोक्याचं. २०१९ पासून 'जिना' या दम्यावरच्या जागतिक संस्थेच्या मार्गदर्शनात मोठ्यांसाठी फक्त सालब्युटामॉल (निळ्या पंपातलं औषध) नकोच म्हटलंय, सोबत स्टेरॉइडचा इन्हेलर हवा. प्राणायाम करा की, पण पंप सोडून नाही.

ठाणे_एलआयसी
मेडिक्लेम काढताना लहानपणचा दमा लपवू नका, क्लेम अडकतो.

गोडबोले_नाही
औषधाचं उत्तर अजून आलेलं नाही.

विंडोसीट_विरार
काही चालू नाही हो. अस्थालिन आहे फक्त, तोच सालब्युटामॉलचा पंप, बहिणीचा, लागला तर दोन पफ.

नेब्युलायझरची_आई
पीएफटीच्या दिवशी घेतला होता?

विंडोसीट_विरार
हो, दादरचा पूल चढायचा होता ना. लॅबमध्ये शिरायच्या अर्धा तास आधी.

गोडबोले_नाही
😶

नेब्युलायझरची_आई
अहो, मग नॉर्मलच येणार! नळ्या औषधाने उघडूनच फुंकलंत. टेस्टच्या आधी चार-सहा तास तो घ्यायचा नसतो. उद्या सगळ्यात आधी हे सांगा, बहिणीच्या पंपासकट. आणि मधे फार धाप लागली तर पंप घ्याच, टेस्ट गेली खड्ड्यात.

विंडोसीट_विरार
कोणी विचारलंच नाही तिथे. ओके. पीक फ्लो मीटर विरारला मिळेल का?

दादर_पूर्व
कबुतरांचं उत्तर दिलं नाहीत.