'कृत्रिम श्यानता' आणि 'संख्यात्मक श्यानता' एकच का?

चकवा: स्वनातीत (ध्वनीपेक्षा वेगवान) प्रवाहाच्या संगणकीय गणितावरचा एक लेख मराठीत करतोय. मुळात 'आर्टिफिशियल व्हिस्कॉसिटी' आणि 'न्यूमेरिकल व्हिस्कॉसिटी' दोन्ही येतात. मी सगळीकडे 'कृत्रिम श्यानता' लिहून मोकळा झालो. चालेल ना? की सरळ 'चिकटपणा' लिहू?

आळशी भुंगा: चिकटपणा काकवीला ठीक, हवेला नको. शिवाय गोंदही चिकटच, पण ते प्रकरण वेगळं. श्यानताच ठेवा, म्हणजे द्रव-वायूचा वाहण्याला आतूनच होणारा विरोध. आणि स्वनातीतचं 'श्राव्यातीत' होऊ देऊ नका, ते सोनोग्राफीतलं.

तात्या_नाशिक: चकवा, इतक्यात मोकळे होऊ नका. एक मुद्दाम घातलेली असते, दुसरी आपोआप शिरलेली.

समुद्रसपाटीच्या हवेत रेणू दोन टकरींच्या मध्ये सरासरी ०.०७ मायक्रॉन जातो, आणि जोरदार शॉकची (दाब एकदम चढतो त्या पातळ थराची) जाडी अशा काही अंतरांएवढीच. गणितासाठी जागेचे तुकडे पाडतो त्या आपल्या जाळीचं घर मिलिमीटरभर. म्हणजे शॉक घराच्या आतच हरवतो. लॅक्स-वेंड्रॉफसारख्या द्वितीय कोटीच्या (कोटी वरची तेवढी अचूकता जास्त) पद्धतीत मग शॉकलगत खोटे हेलकावे येतात. जोरदार शॉक असेल तर एखाद्या घरात दाब ऋण होतो, ध्वनिवेगासाठी ऋण संख्येचं वर्गमूळ काढायची वेळ येते आणि प्रोग्रॅम आडवा. यावर फॉन नॉयमन आणि रिक्टमायर यांनी १९५० साली समीकरणात दाबासारखं एक जादा पद घातलं आणि शॉक तीन-चार घरांवर पसरवला. ही कृत्रिम.

दुसरी कोणी घालत नाही. प्रवाह येतो त्या बाजूची घरं धरून प्रथम कोटीचा फरक घेतला, की राहिलेली चूक श्यानतेच्या पदासारखीच वागते. घर मोठं तेवढी ती जास्त. ही संख्यात्मक.

आळशी भुंगा: मग द्वितीय कोटीचीच पद्धत घ्यावी, हेलकावे दाबून?

तात्या_नाशिक: गोडुनॉव्हने १९५९ मध्येच वाट अडवली: पद्धत रेषीय (सगळीकडे एकच ठरलेलं सूत्र लावणारी) असेल आणि नवे हेलकावे नको असतील, तर प्रथम कोटीच्या पुढे जाता येत नाही. म्हणून आजच्या पद्धती अरेषीय. शॉकपाशी कोटी उतरवतात, इतरत्र चढवतात.

खरी गोची भिंतीपाशी. तिथल्या सीमास्तरात (भिंतीलगत वेग मंदावतो त्या पातळ थरात) हवेची स्वतःची श्यानता काम करते, आणि पृष्ठभाग किती तापेल तेही तिथंच ठरतं. शिरलेली श्यानता खरीपेक्षा वरचढ झाली, तर सीमास्तर फुगतो आणि उष्णतेचा आकडा दिसायला छान पण चुकीचा येतो. लेखात कृत्रिम, संख्यात्मक आणि खरी अशा तिन्हींना एकच शब्द वापरलात तर वाचकाला हे कळायचंच नाही.

पाटीपेन्सिल: 'न्यूमेरिकल'ला काहीजण 'सांख्यिक' लिहितात. नको, त्याने संख्याशास्त्र आठवतं. 'अंकीय' तर डिजिटलला गेलाय. संख्यात्मकच बरा.

चकवा: पटलं, दोन्ही वेगळे करतो. जाता जाता, 'कारबंकल'ला काय म्हणू? बोथट नाकासमोरच्या शॉकवर खोटा फुगवटा येतो तो.

तात्या_नाशिक: पीरी आणि इमले यांनी १९८८ मध्ये दाखवलेला. रो (Roe) यांच्या गणनपद्धतीत हमखास भेटतो. डॉक्टरांचा शब्द तयारच आहे की: काळपुळी.

आळशी भुंगा: अवतरणात टाका मात्र, नाहीतर वाचक मलम शोधेल.