उपनगरातला क्वीअर अंक स्वतः छापताना ठिकाणे आणि नावे किती उघड करावीत?

खाडीकाठ (प्रश्न)

कल्याण, डोंबिवली आणि बदलापूर या पट्ट्यात राहणारे आम्ही काही समलैंगिक आणि ट्रान्स मित्रमैत्रिणी स्वखर्चाने एक छोटा मराठी अंक काढण्याच्या तयारीत आहोत. मुंबईतल्या क्वीअर आयुष्यावर जे वाचायला मिळते, त्यात वांद्रे असते, कुलाबा असतो, ऑगस्ट क्रांती मैदानावरून निघणारी प्राइडची मिरवणूक असते. मात्र ती मिरवणूक संपल्यावर अंबरनाथ लोकलमध्ये चढण्यापूर्वी जो फलाटावरच्या नळावर गालावरचा रंग धुऊन टाकतो, त्याच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. आम्हाला नेमके तेच लिहायचे आहे.

अडचण अशी की उपनगरात सगळे सगळ्यांना ओळखतात. एका मैत्रिणीने, आपण आणि आपली जोडीदार मावसबहिणी असल्याचे सांगून भाड्याच्या घरात कशा राहतो, यावर उत्तम लेख लिहिला आहे. त्यात सोसायटीच्या गणपतीचा देखावा, रखवालदाराच्या चौकशा आणि गल्लीच्या तोंडाशी असलेली पिठाची गिरणी आली आहे. नावे बदलली, तरी तिथला कोणीही ते घर बोट ठेवून दाखवील. आणि हे तपशील काढले, तर लेख कुठल्याही गावचा होऊन जाईल. यातून मार्ग काय?

जुना वर्गणीदार

तपशिलांचे दोन प्रकार करा. काही तपशिलांतून आयुष्य कळते, तर काहींतून केवळ पत्ता कळतो. मावसबहिणीची बतावणी, त्यामुळे घरमालकापुढे पाठ करून ठेवावी लागलेली मामा-मावश्यांची नावे, भाडेकरार नूतनीकरणाला आला की ‘लग्नाचे काय?’ हा प्रश्न पुन्हा उभा राहणे, हा लेखाचा जीव आहे आणि तो डोंबिवलीत शेकडो घरांना लागू पडेल. गणपतीचा देखावा मात्र एकाच सोसायटीचा असतो; तो बदला किंवा गाळा. लोकलच्या प्रसंगालाही हेच लागू आहे. तिघांच्या बाकांवर समोरासमोर चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकून बसलेल्या दोघांचे गुडघे गर्दीमुळे, कोणाच्याही डोळ्यांवर न येता, दिवा ते घाटकोपर एकमेकांना चिकटलेले राहतात, हे जरूर लिहा. गाडीची वेळ आणि डब्यातल्या भजनी मंडळाचे नाव लिहू नका, कारण रोजचा ग्रुप तेवढ्यावरून माणूस ओळखतो.

ज्याच्याविषयी लिहिले आहे, त्याला मजकूर छपाईपूर्वी दाखवावा. लेखिकेची संमती म्हणजे तिच्या जोडीदाराची संमती नव्हे. तुटलेल्या नात्यांवरच्या लेखांत ही काळजी दुप्पट घ्यावी. तिथे लेखकाच्या हातून हिशेब चुकते होण्याची शक्यता असते.

मुद्रितशोधक

आता तांत्रिक बाजू. ए-फाइव्ह आकार आणि मध्ये पिन असेल, तर पाने चारच्या पटीत ठेवा. शंभरेक प्रतींसाठी ऑफसेटच्या प्लेट परवडत नाहीत. डिजिटल छपाई पुरते. छापखान्याला दिलेल्या पीडीएफच्या गुणधर्मांत संगणकधारकाचे खरे नाव राहून जाते, ते आधी पुसा. छायाचित्रांत दडलेली स्थळाची नोंदही काढून टाका. वर्गणी यूपीआयने घेतली, तर पैसे भरणाऱ्याला खातेदाराचे नोंदवलेले नाव दिसते. म्हणून ते खाते अशा सदस्याचे असावे, ज्याच्या घरी सर्व ठाऊक आहे.

कायद्याची भीती प्रमाणात असावी. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध (ते गुन्हा ठरवणाऱ्या) भारतीय दंडविधानाच्या 377 व्या कलमातून वगळले, आणि विषय समलैंगिक आहे एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही. मात्र खऱ्या माणसाला ओळखता येईल अशा रीतीने त्याचे खासगी आयुष्य छापले, तर तो दाद मागू शकतो. पुस्तक म्हणून काढणार असाल, तर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक) भारतात विनामूल्य मिळतो.

वाकोल्याचा शेजारी

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी बव्हंशी सहमत आहे. एका गोष्टीची भर घालतो: सर्वांनीच टोपणनावे घेण्याचा नियम करू नका. 1990 मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे समलैंगिकांचे नियतकालिक सुरू झाले, तेव्हा 377 पूर्ण जोरात होते. तरी त्याचे संस्थापक अशोक राव कवी स्वतःच्या नावाने पुढे उभे राहिले, आणि एक माणूस उघड असल्यामुळे बाकीच्यांना आडोसा मिळाला. पुढे 1994 मध्ये त्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या हमसफर ट्रस्ट या समलैंगिक आणि ट्रान्स लोकांसाठीच्या संस्थेचे काम सांताक्रूझ पूर्वेच्या वाकोल्यातून चालले, म्हणजे उपनगरातूनच. हे दक्षिण मुंबईच्या कौतुकात हल्ली विसरले जाते. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये समपथिक ट्रस्ट ही अशीच संस्था सुरू केली आणि या विषयावर मराठीत, स्वतःच्या नावाने लिहिले. तुमच्यात ज्याला शक्य आहे अशा एकाने तरी संपादक म्हणून खरे नाव द्यावे.

मराठीचा मुद्दाही लक्षात घ्या. इंग्रजी अंक टीपॉयवर पडून राहिला, तर घरात कोणी उघडत नाही. मराठी अंक आई दुपारी चष्मा लावून वाचते. म्हणून मुखपृष्ठ साधे ठेवा, इंद्रधनुष्य आत घ्या. ज्याला अंक घरी न्यायचा नाही, त्याने तो वाचून परत देण्याचीही सोय असू द्या. टपालाने पाठवणार असाल, तर पाकिटावर अंकाचे नाव लिहू नका.

खाडीकाठ

सर्वांचे आभार. मैत्रिणीशी बोलले. देखावा आणि गिरणी काढायला ती तयार आहे. रखवालदार मात्र राहील, कारण त्यानेच एकदा घरमालकाला ‘दोघी बहिणी आहेत, मला माहीत आहे’ असे आपणहून सांगितले होते, आणि त्याला खरोखर काय माहीत होते हे तिला आजही कळलेले नाही. तिची जोडीदार या रविवारी मजकूर वाचणार आहे. संपादक म्हणून खरे नाव द्यायला आमच्यातला एकजण राजी आहे, पण त्याचे आईवडील बदलापुरातच राहतात; त्यामुळे छपाईपूर्वी तो त्यांच्याशी बोलेपर्यंत अंक थांबवणार आहोत.