मदत हवी आहे: आई-बाबांसोबत न्यूझीलंडचा ओटॅगो सेंट्रल रेल ट्रेल सायकलवर करायचाय

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये आई-बाबांना घेऊन न्यूझीलंडला जायचं चाललंय. धाकटी बहीण ऑकलंडला असते, तेव्हा जाणं होणारच होतं. पण या वेळी बाबांनी स्वतःहून एक गोष्ट मागितली आहे, आणि ते सहसा कधी काही मागत नाहीत. दक्षिण बेटावरचा ओटॅगो सेंट्रल रेल ट्रेल त्यांना सायकलवरून करायचाय. तो त्यांना नीट घडवून आणायचा, एवढीच माझी इच्छा आहे, म्हणून हा धागा.

ज्यांनी हे नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. डनीडनहून आत, सोन्याच्या खाणींच्या आणि मेंढपाळांच्या मुलखात जाणारा एक रेल्वेमार्ग होता. १८९१ मध्ये गाडी मिडलमार्चला पोचली, क्लाइडला पोचायला १९०७ उजाडलं. क्लाइडच्या धरणासाठी सामान वाहून झालं आणि १९९० मध्ये मिडलमार्चच्या पुढचा मार्ग बंद झाला. रूळ निघाले. पुढे तिथल्या संवर्धन खात्याने ती पट्टी ताब्यात घेतली, पुलांवर फळ्या टाकल्या, कठडे लावले, खडी दाबून वाट केली आणि २००० साली क्लाइड ते मिडलमार्च ही १५२ किलोमीटरची वाट सायकलवाल्यांसाठी, चालणाऱ्यांसाठी आणि घोडेस्वारांसाठी खुली झाली. मोटारी नाहीत.

बाबा मध्य रेल्वेतून निवृत्त झाले. सगळी नोकरी रुळांच्या देखभालीत, त्यातला मोठा काळ कर्जत-लोणावळा पट्ट्यात. त्यामुळे निसर्ग वगैरे ठीक, पण त्यांचा जीव अडकलाय पुलांत आणि बोगद्यांत. पूलबर्नच्या घळीवरचा ३७ मीटर उंच पूल आहे, त्याचा फोटो मोठा करून करून ते खांबांचे दगड बघत बसतात. तिथल्याच शिस्ट खडकातून घडवलेले, थरावर थर बसवलेले. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १०६७ मिलिमीटर; आपल्या मीटरगेजपेक्षा जरासं रुंद, हेही त्यांनीच मला सांगितलं. आणि जुनी वाफेची इंजिनं चढणार म्हणून चढ कुठेही १:५० पेक्षा जास्त ठेवलेला नाही. "बोरघाटात १:३७ आहे, तिथे गाड्या चढतात, इथे मी चढणार नाही का?" हा त्यांचा युक्तिवाद. वय ६८, तब्येत ठणठणीत, रोज सकाळी सायकल फिरवतात. त्यांची मला काळजी नाही.

काळजी आहे आईची. ती ६२ वर्षांची आहे. पुण्यात वाढली, शाळा-कॉलेज सगळं सायकलवर, पण नंतर सुटलं ते सुटलंच. गेल्या वर्षी बाबांसोबत पुन्हा सुरू केलंय. सपाटीवर पंधरा-वीस किलोमीटर आरामात करते, चढ आला की उजवा गुडघा बोलायला लागतो. तिला यायचं मात्र मनापासून आहे, "गाडीत बसून पुढच्या गावी वाट बघत बसणार नाही" असं तिने बजावलंय.

आता मुद्द्याचं. क्लाइड, अलेक्झांड्रा, मिडलमार्च इथे सायकल सहलींच्या कंपन्या आहेत. त्यांच्या पॅकेजमध्ये भाड्याची सायकल, हेल्मेट, मुक्कामांचं बुकिंग, रोज सकाळी आपल्या बॅगा उचलून पुढच्या मुक्कामी नेऊन ठेवणं आणि शेवटी परत आणून सोडणं एवढं धरलेलं असतं. वाचताना वाटतं सगळी सोय झाली. पण दोन-तीन ठिकाणी बारकाईने विचारल्यावर कळलं की साध्या पॅकेजमध्ये गाडी तुमच्या बॅगांसोबत जाते, तुमच्यासोबत नाही. दिवसभर वाटेवर तुम्ही तुमचेच. सोबत वाटाड्या आणि मागून गाडी हवी असेल तर ती वेगळी सहल, ठरलेल्या तारखांना, अनोळखी गटाबरोबर, आणि खर्च बराच जास्त.

मला नेमकं हे समजून घ्यायचंय की दोन गावांच्या मध्ये आईचा गुडघा दुखायला लागला तर साध्या पॅकेजमध्ये प्रत्यक्षात काय होतं? फोन केला तर कुणी येतं का, गाडी वाटेपर्यंत पोचते का? या एका प्रश्नावर बाकी सगळं ठरणार आहे.

शिवाय: आईसाठी ई-बाईक, म्हणजे मोटरची मदत असलेली सायकल, घ्यावी का? दिवस चार की पाच? सुरुवात क्लाइडकडून की मिडलमार्चकडून? आणि आम्ही सगळेच शाकाहारी, तर वाटेत खायचं काय? ज्यांनी हा किंवा असा दुसरा रेल ट्रेल केलाय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

*

दक्षिणवारा:

ताई, क्राइस्टचर्चला राहतो, हा ट्रेल सहकुटुंब केलाय. सासूबाई सोबत होत्या, म्हणून तुमची काळजी बरोबर समजली.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर: हो, फोन केला तर येतात, पण ते अॅम्ब्युलन्ससारखं लगेच नसतं. एखादी गाडी मोकळी असेल तेव्हा, आणि रस्ता जिथे वाटेला भेटतो तिथे. बराचसा ट्रेल रस्त्यापासून फार लांब नाही. दर काही किलोमीटरवर फाटा ओलांडता, तिथून उचलून नेता येतं. अपवाद एकच आणि तो नेमका तुमच्या बाबांचा लाडका भाग आहे: लॉडर ते ऑरिपो. मानुहेरिकिया नदीवरचा मोठा पूल, मग घळ, दोन बोगदे, मग पूलबर्नचा पूल. तिथे रस्ता जवळ नाही आणि फोनला रेंज मिळेलच असं धरून चालू नका. म्हणून तो टप्पा सकाळी ताज्या पायांनी करा. आदल्या रात्री लॉडरला किंवा ओमाकाऊला मुक्काम ठेवा. बोगद्यात दिवे नाहीत. टॉर्च घ्या आणि उतरून चालत जा, खालची जमीन खडबडीत आहे.

बुकिंग करताना कंपनीला मेलवर लेखी विचारा: मधून उचलायला येता का, किती पैसे लागतात, शनिवारी-रविवारी कोण फोन उचलतं. आम्ही हे विचारूनच गेलो. एकदा सासूबाईंना वाऱ्यामुळे नको झालं तेव्हा वेडरबर्नहून त्यांना आणि सायकलला घेऊन गेले, काही कटकट झाली नाही.

दिवस पाचच ठेवा. चार दिवसांत रोज चाळीसच्या आसपास पडतात. पाच असले तर पहिला दिवस क्लाइड ते लॉडर साधारण ४४ किलोमीटर, तोच सगळ्यात मोठा. तोही ओमाकाऊला थांबून ३७ वर आणता येतो. पुढे ओटुरेहुआ, रॅनफर्ली, हाइड, मिडलमार्च असे पंचवीस-तीसचे टप्पे. शेवटचा हाइड ते मिडलमार्च २७. आईंना ते जमेल.

*

रूळमार्ग:

बाबांना माझा नमस्कार सांगा. मीही रेल्वेच्याच घरातला.

१:५० म्हणजे ५० मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. डोळ्यांना तो चढ दिसतसुद्धा नाही. पण तो संपत नाही, हे आईंना आधी सांगून ठेवा. चॅटो क्रीकनंतर टायगर हिल म्हणून भाग आहे, तिथे वाट वळसे घेत चढत राहते आणि पाय सांगतात की चढ आहे. घाटातल्यासारखा दम लागत नाही, गुडघ्यावर मात्र सतत थोडा थोडा भार पडतो. सर्वांत उंच जागा ओटुरेहुआ आणि वेडरबर्नच्या मध्ये, ६१८ मीटर. क्लाइड आणि मिडलमार्च दोन्ही साधारण सारख्याच उंचीवर असल्याने चढाच्या हिशेबाने दिशा कुठलीही घ्या. वाऱ्याच्या हिशेबाने मी क्लाइडहून निघेन, कारण तिथला दांडगा वारा बहुतेक वेळा वायव्येकडून येतो आणि पुढच्या टप्प्यांत पाठीवर घेता येतो. पण वारा शब्दाला जागत नाही, समोरून आला तर सपाटीवरसुद्धा चढासारखं वाटेल.

म्हणून आईंना ई-बाईकच. यात कमीपणा काही नाही, पायडल मारावंच लागतं, मोटर फक्त हात देते. रोजच्या मुक्कामी चार्जिंग होतं, तीस-चाळीस किलोमीटरला बॅटरी पुरून उरते. फक्त ती साध्या सायकलपेक्षा बरीच जड असते, तेव्हा उतरताना-थांबताना तोल सांभाळायचा सराव हवा. स्वतःची नेण्याचा विचार असेल तर सोडून द्या, एवढी मोठी बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही.

बाबांसाठी आणखी दोन गोष्टी. वेडरबर्नला जुनी हिरवी मालधक्क्याची शेड आहे, ती चुकवू नका. आणि हाइडजवळ ४ जून १९४३ च्या अपघाताचं स्मारक आहे. वळणावर वेगात गाडी घसरली, २१ माणसं गेली. रुळांवर आयुष्य काढलेला माणूस तिथे थांबेल, वेळ हाताशी ठेवा.

*

मेलबर्नची_वाट:

खाण्याचं मी सांगते. आधी विमानतळ. न्यूझीलंडला जाताना बॅगेत खाण्याचं जे काही असेल ते फॉर्मवर लिहायचं म्हणजे लिहायचंच. लाडू, चटणी, मेतकूट, सगळं. लिहिलं तर फार तर काढून घेतात. लिहिलं नाही आणि सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. ताजी फळं आणि मध नेऊच नका. बुटांच्या तळाला माती असेल तर घासून धुवून न्या, तीही तपासतात.

ट्रेलवरची गावं चिमुकली आहेत. बऱ्याच ठिकाणी एकच हॉटेल, तेच पब, तेच जेवणाचं ठिकाण. शाकाहारी आहात हे बुकिंग करतानाच कंपनीला सांगा म्हणजे ते मुक्कामांना कळवतात, नाहीतर रोज चिप्स आणि चीज टोस्टवर भागवावं लागेल. अलेक्झांड्रा मोठं गाव, तिथे पहिल्याच दिवशी सुपरमार्केटमधून शेंगदाणे, खजूर, ब्रेड, पीनट बटर भरून घ्या. पाणी प्रत्येकाने दोन बाटल्या. पश्चिमेचे डोंगर सगळा पाऊस अडवतात, महाबळेश्वरपलीकडचं आपलं माण-खटाव असावं तसा तो मुलूख आहे. अलेक्झांड्राला वर्षाकाठी जेमतेम साडेतीनशे मिलिमीटर पाऊस. सावली जवळपास नाही, आणि तिथलं ऊन हवा गार असली तरी चामडी जाळतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

मार्च उत्तम. दिवस छान, सकाळी मात्र हातमोजे लागतील. थंडीत जाण्याचा विचारही नको, ओफिरला जुलै १९९५ मध्ये उणे २१.६ अंशांची नोंद आहे.

विमा काढाच. अपघातात दुखापत झाली तर तिथली सरकारी एसीसी योजना पाहुण्यांच्या उपचारालाही हातभार लावते, पण आजारपण किंवा अर्धवट सोडून परत यायचा खर्च त्यात नाही.

*

दक्षिणवारा:

एक राहिलं. कुणीतरी तुम्हाला क्लाइडला आलात तर लेक डन्स्टन ट्रेलही करा असं सांगेल. देखणा आहे, पण तो रेल्वेची वाट नाही. कड्याला टांगलेल्या फळ्यांवरून जातो आणि चढ तीव्र आहेत. आईंना तिकडे नेऊ नका. बाबा आणि तुम्ही एक जादा दिवस ठेवून करू शकता.

*

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. आत्ताच जेवताना घरात वाचून दाखवलं.

ठरलं ते असं: पाच दिवस, क्लाइडहून सुरुवात, पहिला मुक्काम ओमाकाऊ, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघून घळ आणि पूल. वाटाड्यासह जाणारी सहल घेत नाही, कारण अनोळखी गटाच्या वेगाने जाण्याचं आईला दडपण येईल आणि बाबांना पुलावर तासभर थांबता येणार नाही. मधून उचलण्याबद्दल तीन कंपन्यांना आज मेल टाकले. जी स्पष्ट उत्तर देईल तिच्याकडे बुकिंग. आई ई-बाईकला तयार झाली आहे, "पायडल मारावंच लागतं" हे वाक्य तिला पटलं.

आता दोनच गोष्टी विचारते. पुण्यात ई-बाईक काही दिवस भाड्याने मिळते का, म्हणजे निघण्याआधी तिला वजनाची आणि ब्रेकची सवय होईल? आणि तिला तिच्या सायकलची रुंद सीट फार सोयीची पडते. ती काढून सोबत नेली तर तिथल्या सायकलला बसेल का, की माप वेगळं असतं?

*

रूळमार्ग:

सीट न्या. बहुतेक ठिकाणी सीटखालचे दोन दांडे सारख्याच अंतरावर असतात, त्यामुळे बसते. आईंच्या सीटखाली दोन समांतर दांडे आहेत का तेवढं बघा. जुन्या भारतीय सायकलची स्प्रिंगवाली, क्लॅम्प जोडलेली सीट असेल तर अडचण येईल. फोटो काढून कंपनीला मेलमध्ये जोडा, ते लगेच सांगतील. शिवाय पॅडवाल्या शॉर्ट्स दोन जोड घ्या आणि इथेच सरावात वापरून बघा. पुण्यातल्या ई-बाईकचं इथलं कुणी सांगेल.