स्पेशल इंग्लिश घेतलेत, पुढे काय झाले?

सांगलीकर
भाचीने यंदा बी.ए.ला इंग्रजी हा विशेष विषय घेतल्याचे काल फोनवर कळले आणि मला माझी १९९४ सालची ध्वनिशास्त्राची वही आठवली. सरांनी फळ्यावर उलटा 'ई' (ə, आघात नसलेल्या पुसट स्वराचे चिन्ह) काढून सांगितले होते की 'फोटोग्राफ'मध्ये आघात पहिल्या शब्दावयवावर (उच्चाराच्या तुकड्यावर) पडतो आणि 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर. आम्ही ते सारे चिन्हांसकट घोकून परीक्षेत बिनचूक उतरवले. मात्र तीन वर्षांत त्या वर्गात कोणी इंग्रजीतून एखादी शंका विचारल्याचे मला स्मरत नाही. इंग्रजी असले की नोकरी दारात चालून येते, असे वडील सांगत. पुढे एका खत विक्रेत्याकडे पत्रव्यवहार सांभाळायला लागलो, तेव्हा मी लिहिलेल्या पहिल्याच पत्रातील अर्धी विशेषणे मालकांनी लाल शाईने खोडली. आपणांपैकी ज्यांनी ही पदवी घेतली, त्यांना ती कुठे उपयोगी पडली आणि कुठे तोंडघशी पाडून गेली, हे कृपया लिहावे.

बारामतीची लेक
मी एम.ए.ला पंचावन्न टक्क्यांची अट जेमतेम ओलांडली, तिसऱ्या खेपेस सेट (महाविद्यालयात शिकवण्यासाठीची राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा) उत्तीर्ण झाले आणि घरी पेढे वाटले गेले. त्यानंतर नऊ वर्षे मी तासिका तत्त्वावर शिकवत आहे. जेवढे तास घेतले जातात तेवढेच मानधन मिळते आणि मे महिन्यात तास नसल्याने हाती काहीच येत नाही. पूर्णवेळ जागेच्या मुलाखतींना मी चार ठिकाणी जाऊन आले. एका ठिकाणी तर उमेदवार आधीच ठरला असल्याचे मला शिपायानेच हळूच सांगितले. शिकवणे मनापासून आवडते, म्हणूनच राग अधिक येतो. (कुकरची शिट्टी झाली, उरलेले नंतर लिहिते.)

पंपवाला
ताई, मे महिन्याचे वाचून वाईट वाटले.
मी पुण्यात यंत्रांची माहितीपुस्तके लिहितो. मुलाखतीत मला साहित्याविषयी एकही प्रश्न आला नाही. समोर एक पंप ठेवून तो सुरू करण्याच्या पायऱ्या लिहायला सांगितले. मी आधी 'झडप उघडा' असे लिहिले आणि दाब शून्यावर आल्याची खात्री करण्याची सूचना त्याखाली दिली. परीक्षकांनी शांतपणे विचारले, "ही सूचना वाचेपर्यंत कामगाराचा हात कुठे असेल?" इशारा कृतीच्या आधी यायला हवा, हे मला पाच वर्षांच्या शिक्षणात कोणी शिकवले नव्हते. तरीही लांब वाक्य सोडवून कर्ता आणि क्रियापद शोधण्याची सवय त्याच वर्गांत लागली, हे नाकारता येणार नाही.

गुरुजी
राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्या सुमारास मी बी.एड. इंग्रजी मेथड (इंग्रजी शिकवण्याची पद्धत हा विषय) घेऊन केले आणि त्यामुळे अनुदानित शाळेत लागलो. तेव्हा बी.एड. एका वर्षाचे होते, २०१५पासून ते दोन वर्षांचे झाले आहे. हा जादा खर्च आधीच हिशेबात धरावा. बाकी, पंपवाले, आमच्या विहिरीवरचा पंप कोणत्याही भाषेतील पुस्तक वाचून सुरू होत नाही.

पंपवाला
गुरुजी, फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या नळीच्या तळाची झडप) तपासा, बहुधा पाणी धरत नसेल.

एसवायवाली
मी दुसऱ्या वर्षाला आहे. नेट (देश पातळीवरची तशीच परीक्षा) आणि सेट यांपैकी कशाची तयारी करावी?

बारामतीची लेक
अभ्यास बराचसा सारखाच असल्याने दोन्ही द्याव्यात. आपल्याकडची सेट महाराष्ट्र आणि गोव्यापुरती चालते, नेट देशभर चालते, आणि नेटमध्ये उत्तम गुण पडल्यास संशोधनासाठी शिष्यवृत्तीही मिळू शकते. मात्र निकालाची वाट पाहत घरी बसू नकोस. भाषांतराची लहान कामे आतापासूनच घे आणि प्रत्येक कामाचा दर आधी लेखी ठरव. मी ठरवला नव्हता, म्हणून माझ्या चाळीस पानांचे पैसे अजून यायचे आहेत.

सांगलीकर
हे सारे भाचीला वाचून दाखवले. तिने उलटा 'ई' म्हणजे काय एवढेच विचारले. तो पेपर तिला पुढच्या वर्षी आहे म्हणे. वही शोधायला आता माळ्यावर चढतो.